ड्रॉवरमधला जुना कॅमेरा पुन्हा खिशात आणताना

बटण दाबलं की आधी बारीकशी घरघर ऐकू येते. मग लेन्सवरच्या पातळ पाकळ्या बाजूला सरकतात, नळी टप्प्याटप्प्याने बाहेर येते आणि मागच्या पडद्यावर समोरचं दृश्य जरा फिकट, जरा दाणेदार दिसायला लागतं. या सगळ्याला दोनेक सेकंद लागतात. माझा कॅनन पॉवरशॉट एस९० हा २००९ सालच्या घडणीचा. खिशात राहून राहून त्याच्या कोपऱ्यांवरचा काळा रंग गुळगुळीत झालाय. तरी घराबाहेर पडताना किल्ल्यांबरोबर तोही उचलला जातोच.

फोन असताना हा कशाला, असं लोक विचारतात. फोटोचा दर्जा म्हणाल तर कमी उजेडात आजचा बरा फोन याला सहज मागे टाकतो, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण फोन हातात घेतला की फोटोआधी तीन निरोप, एक बिल आणि कुणाचा तरी वाढदिवस समोर येतो, आणि तेवढ्यात भिंतीवरचं मांजर उडी मारून गेलेलं असतं. कॅमेऱ्याला दुसरं कामच नाही. तो खिशातून बाहेर आला म्हणजे फोटो काढायचाय, एवढंच तुमच्याही डोक्यात राहतं. या एका गोष्टीसाठी मी त्याची बाकीची सगळी नाटकं सहन करतो.

नाटकं मात्र आहेत. ती आधीच माहीत असतील तर सुरुवातीचे दोन महिने सुखाचे जातात, म्हणून हा लेख.

खरेदीआधी घर धुंडाळा

कॅमेरा कंपन्यांची जपानमधली संघटना सीआयपीए दरवर्षी आकडे जाहीर करते. त्यानुसार २०१० साली जगभरात १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, आणि त्यातले बहुतेक लेन्स न बदलता येणारे होते. अशा कॅमेऱ्यांचा आकडा २०२३ मध्ये २० लाखांच्याही खाली होता. मग ते आधीचे कोट्यवधी कॅमेरे गेले कुठे? बरेचसे कुठेच गेले नाहीत. ड्रॉवरमध्ये, जुन्या पर्सच्या आतल्या कप्प्यात, चार्जरच्या गुंत्याखाली पडून आहेत.

तेव्हा पहिल्या पायरीवर काहीही विकत घ्यायचं नाही. घरात शोधा, मावशीला विचारा. आणि ज्या सहलीच्या अल्बममध्ये काका एकाही फोटोत नाहीत, त्या काकांना तर नक्की विचारा. कॅमेरा त्यांच्याचकडे असणार.

सापडला की उत्साहाच्या भरात लगेच चार्जिंगला लावू नका. बॅटरी बाहेर काढा आणि सपाट टेबलावर ठेवून बोटाने टोकाला दाबा. ती डुगडुगली किंवा तिचं पोट फुगलेलं दिसलं तर तिचं आयुष्य संपलं. ती ना चार्ज करायची, ना कॅमेऱ्यात घालायची, थेट ई-कचऱ्यात द्यायची. पेन्सिल सेलवर चालणारा कॅमेरा असेल तर कप्प्यातल्या पत्र्यांवर पांढरट-हिरवट भुकटी जमलीय का बघा. सेल गळून राहिल्याची ती खूण. कापसाच्या काडीला किंचित व्हिनेगर लावून पुसलं की अल्कलाइन सेलची भुकटी निघते. मग कोरडं पुसायचं आणि दिवसभर दार उघडं ठेवून वाळू द्यायचं.

आत कार्ड असेल तर ते फॉरमॅट करण्याआधी त्यातले फोटो उतरवून घ्या. माझ्या हाती आलेल्या एका कार्डात आजीचा हात होता, फक्त हात, लेन्सकडे बोट दाखवणारा आणि हललेला. घरातल्या कुणालाच त्या फोटोची आठवण नव्हती.

कोणता घ्यावा

घरात नाहीच मिळाला तर सेकंडहँड. इथे लोक मॉडेलच्या नावांत हरवतात. मी आधी साल बघतो.

२००५ च्या आधीचे कॅमेरे मजेशीर आहेत, पण नवख्याने त्यांच्यापासून सुरुवात करू नये. पडदे टिचभर, कार्डं दुर्मीळ आणि बॅटऱ्या मिळवण्यातच निम्मा उत्साह खर्च होतो. कॅननचा पहिला डिजिटल इक्सस २००० साली आला, तो २ मेगापिक्सेलचा होता आणि त्यात कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड लागायचं. इक्सस मालिका मात्र लक्षात ठेवा, तिच्यातले पुढचे कॅमेरे रोजच्या खिशासाठी उत्तम आहेत. उत्तर अमेरिकेत हीच मालिका एल्फ नावाने आणि जपानमध्ये इक्सी नावाने विकली गेली, त्यामुळे शोधताना तिन्ही नावं टाकून बघायची.

२००६ ते २०११ हा माझ्या मते सोन्याचा काळ. फुजीफिल्म एफ३० (२००६) फक्त ६ मेगापिक्सेलचा, पण कमी उजेडातल्या फोटोंसाठी त्याचं तेव्हाही नाव होतं. पॅनासोनिक ल्युमिक्स एलएक्स३ (२००८) ची लेन्स २४ मिमीपासून (हा आकडा जितका लहान, तितकं दृश्य रुंद) सुरू होते, तीही एफ/२.० ची, म्हणजे भरपूर उजेड आत घेणारी. लेन्सच्या नळीवर फोटोचा आकार बदलण्याचा खटका आहे: ४:३, ३:२ किंवा १६:९. मात्र या कॅमेऱ्याची लेन्स पूर्ण आत जात नाही आणि वेगळं झाकण लागतं, म्हणून तो जॅकेटच्या खिशातला, शर्टाच्या नव्हे. एस९० पूर्ण सपाट होतो. २८ मिमीला एफ/२.० मिळतं, पण झूम ताणत नेलं की ते एफ/४.९ पर्यंत घसरतं. संध्याकाळनंतर झूम विसरायचं हे मी त्याच्याकडूनच शिकलो.

त्यानंतरचे दोन कॅमेरे वेगळ्या पंक्तीतले. सोनी आरएक्स१०० (२०१२) तेवढ्याच खिशात १ इंची सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, घेऊन आला. रिको जीआर (२०१३) मध्ये तर एपीएस-सी, म्हणजे अनेक मोठ्या डीएसएलआरमध्ये असतो तेवढा सेन्सर आहे, आणि २८ मिमीची एकच लेन्स. झूम नाहीच. हे दोन्ही आजच्या कुठल्याही कामाला लाज आणणार नाहीत, पण त्यांना मागणीही तशीच आहे.

सेन्सरच्या आकाराबद्दल थोडं बोलायला हवं, कारण जाहिरातीतली भाषा दिशाभूल करते. छोट्या इक्ससमध्ये सहसा १/२.५ इंची सेन्सर असायचा, एस९० मध्ये १/१.७ इंची आणि आरएक्स१०० मध्ये १ इंची. पण मोजपट्टी लावली तर १ इंची सेन्सर भरतो १३.२ बाय ८.८ मिमी! हे नाव जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून आलेलं आहे; नळ्या गेल्या, नाव राहिलं. तिन्ही सेन्सरांची क्षेत्रफळं साधारण २५, ४३ आणि ११६ चौरस मिमी येतात. कमी उजेडात कोण किती तग धरेल, याचा अंदाज या तीन आकड्यांवरून बांधता येतो.

मेगापिक्सेलच्या मागे मात्र लागू नका. ४ बाय ६ इंची चांगल्या प्रिंटला १८०० बाय १२०० पिक्सेल पुरतात, म्हणजे जेमतेम २ मेगापिक्सेल. खुद्द कॅननने २००८ च्या जी१० मध्ये १४.७ मेगापिक्सेल दिले आणि पुढच्याच वर्षी जी११ मध्ये ते १० वर खाली आणले, अंधारातला दाणा कमी व्हावा म्हणून.

आणि ते सीसीडीचं प्रकरण. सीसीडी या जुन्या प्रकारच्या सेन्सरचे रंगच वेगळे, त्यात फिल्मची जादू आहे, असं सध्या सगळीकडे सांगितलं जातं. मला हे पटत नाही. सेन्सर फक्त उजेड मोजतो. रंग ठरतात ते त्याच्यावरच्या लाल-हिरव्या-निळ्या फिल्टरांनी, आणि त्याहून जास्त, मोजलेल्या आकड्यांचा जेपेग बनवताना कॅमेऱ्यातली चिप जे ठरवते त्याने. त्या काळचे इंजिनिअर रंग भडक ठेवत, सावल्या काळ्या होऊ देत, उजळ भाग जळू देत. वर फ्लॅशचा थेट झोत. ‘जुना लूक’ म्हणतात तो या सगळ्याचा मिळून आहे. तो आवडतो हे मान्य, मलाही आवडतो; पण पाटीवर फक्त सीसीडी लिहिलंय म्हणून दुप्पट मोजायला जाऊ नका.

हातात आल्यावर तपासणी

ही पायरी घाईत उरकू नका. या कॅमेऱ्यांचा सगळ्यात नाजूक भाग म्हणजे आत-बाहेर करणारी लेन्सची नळी. आतले दात प्लास्टिकचे असतात आणि त्यांच्यात वाळूचा एक कण गेला तरी पुरे होतं.

हे मी स्वतःच्या पैशाने शिकलोय. माझा आधीचा कॅमेरा समुद्रावरून परत येताना बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात होता. घरी येऊन चालू केला तर ‘खर्र खर्र’ असा आवाज, लेन्स अर्धी बाहेर येऊन अडकली आणि पडद्यावर लेन्समध्ये बिघाड असल्याची सूचना. बंद-चालू केलं, हलक्या हाताने टपल्या मारल्या, हवेचा फुगा दाबून फटीत फुंकून बघितलं. तिसऱ्या दिवशी ती एकदा शेवटची आत गेली आणि पुन्हा बाहेर आलीच नाही. दोष सर्वस्वी माझा होता.

म्हणून कॅमेरा हातात आला की आधी तो सलग दहा वेळा चालू-बंद करा आणि कान देऊन ऐका. आवाज दर वेळी एकसारखा हवा. मध्येच अडखळला, सूर बदलला, नळी बाहेर आल्यावर एका बाजूला झुकलेली दिसली, तर नम्रपणे परत द्यायचा. मग झूम पूर्ण ताणून, पूर्ण मागे आणून पुन्हा तेच.

त्यानंतर पांढरी भिंत. झूम पूर्ण ताणून, शक्य असेल तर एफ/८ वर, भिंतीचा फोटो काढा आणि कॉम्प्युटरवर मोठा करून बघा. धुरकट करडे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. नळी आत-बाहेर होताना भात्यासारखी हवा ओढते आणि हवेबरोबर धूळही. मोठ्या कॅमेऱ्यासारखी लेन्स काढून ती साफ करता येत नाही. एखादा ठिपका चालतो, आकाशाच्या फोटोत तो दिसेल एवढंच. पाच-सहा असतील तर विचार करा.

लेन्सवर तिरपा टॉर्च मारून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. दमट हवेत वर्षानुवर्षं बंद राहिलेल्या कॅमेऱ्यांना ती हमखास लागते.

फोटोत जांभळे पट्टे, वितळल्यासारखी चित्रं किंवा निव्वळ काळोख येत असेल आणि मेनू मात्र नीट दिसत असेल, तर सेन्सरच गेलाय. २००२ ते २००४ च्या सुमाराला बनलेल्या कित्येक कॅमेऱ्यांत हा दोष निघाला. उष्णता आणि दमटपणाने सेन्सरमधली बारीक जोडणी सुटत जायची, आणि २००५ मध्ये बऱ्याच कंपन्यांना मोफत दुरुस्ती जाहीर करावी लागली. ती मुदत कधीच संपली. दुरुस्त न झालेले कॅमेरे अजून हातोहात फिरतायत.

बाकीचं झटपट: फ्लॅश उडतो का, सगळी बटणं दबतात का, बॅटरीच्या दाराची खुंटी शाबूत आहे का. ही खुंटी फार तुटते, आणि मग दार चिकटपट्टीने बांधून फिरावं लागतं.

आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन उघडायला बसू नका. फ्लॅशसाठी आत एक कपॅसिटर असतो, त्यात ३०० व्होल्टच्या आसपास दाब साठलेला असतो आणि बॅटरी काढल्यावरही तो बराच वेळ राहतो. झटका जबरदस्त बसतो.

बॅटरी आणि कार्ड

कॅमेरा आवडला तरी त्याच्या बॅटरीचा नंबर बघितल्याशिवाय होकार द्यायचा नाही. एस९० ला एनबी-६एल लागते, अनेक इक्ससना एनबी-४एल. हा नंबर शोधा, नवी बॅटरी मिळतेय याची खात्री करा, आणि मिळाली की दोन घ्या. मूळ बॅटरी पंधरा वर्षांची झालेली असते, वीस फोटोंनंतर ती धाप टाकायला लागते. चार्जर सोबत आहे ना, तेही बघा. यातल्या बहुतेक कॅमेऱ्यांना यूएसबी वायरीने चार्जिंग होत नाही, बॅटरी काढून खोबणीत बसवावी लागते.

पेन्सिल सेलचे कॅमेरे, उदाहरणार्थ कॅननची ए मालिका, थोडे जाडजूड असतात पण या कटकटीतून सोडवतात. त्यात साधे अल्कलाइन सेल घालू नका. फ्लॅश चार्ज होताना जास्त करंट ओढला जातो आणि ते लगेच मान टाकतात. रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेल घ्या. त्यातही चार्ज टिकवून धरणारे घ्या, २००५ मध्ये सान्योने एनेलूप आणल्यापासून हा प्रकार सगळीकडे मिळतो. नुसते पडून राहिले तरी ते महिनोन्महिने उतरत नाहीत.

आता कार्ड. नवखे सर्वात जास्त इथेच अडकतात. ‘एसडी’ म्हणून एकसारखी दिसणारी तीन कार्डं आहेत. साधं एसडी २ जीबीपर्यंत, २००६ मध्ये आलेलं एसडीएचसी ३२ जीबीपर्यंत आणि २००९ मध्ये आलेलं एसडीएक्ससी त्याच्याही पुढे. नवा कॅमेरा जुनं कार्ड वाचतो, पण जुना कॅमेरा नवं कार्ड वाचत नाही. कार्ड खाचेत बसतं मात्र अगदी फिट्ट, म्हणून माणसाला वाटतं कॅमेराच बिघडलाय. २००६ किंवा त्याआधीचा कॅमेरा असेल तर २ जीबी किंवा त्याहून लहान साधं एसडी शोधा. त्यानंतरच्या बहुतेकांना ८ किंवा १६ जीबीचं एसडीएचसी चालतं. २ जीबी कमी वाटेल, पण ६ मेगापिक्सेलचा फोटो ३ एमबीच्या आसपास असतो. सहाशेच्या वर फोटो मावतात.

ऑलिंपस आणि फुजीफिल्मचे त्या काळचे बरेच कॅमेरे एक्सडी कार्ड मागतात. २००२ साली या दोघांनीच ते आणलं, २ जीबीच्या पुढे ते कधी गेलं नाही आणि आता बनत नाही. सोनीच्या जुन्या कॅमेऱ्यांना मेमरी स्टिक लागते. २०१० पासून सोनीने एसडीही चालवायला सुरुवात केली. असा कॅमेरा घेताना कार्ड सोबत मिळालं तरच घ्या.

कार्ड घातलं की ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, कॉम्प्युटरवर नको.

एकदाच करायच्या सेटिंग

सगळ्यात आधी तारीख आणि वेळ. कंटाळा करू नका. तारीख चुकली की हे फोटो तुमच्या फोनच्या संग्रहात कुठल्या तरी २००७ च्या जानेवारीत जाऊन बसतात आणि मग शोधत बसावं लागतं. बॅटरी काढल्यावर दर वेळी घड्याळ शून्यावर जात असेल तर आतली छोटी राखीव बॅटरी संपलीय. काही मॉडेलांत ती बटण सेलसारखी बदलता येते, काहींत नाही.

मग डिजिटल झूम बंद. तो झूम नाहीच, फोटो कापून ताणणं आहे. बीप आणि शटरचा खोटा आवाज बंद. फोटोचा आकार सगळ्यात मोठा, दर्जा सगळ्यात वरचा. रेड-आय घालवायची सोय बंद, कारण ती आधी एक दिवा लावते, लोक त्यालाच फोटो समजून हलतात आणि खरा क्लिक नंतर येतो.

आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, ऑटोवर सोडू नका. दिवसा १००, सावलीत २००, घरात ४००. छोट्या सेन्सरवर त्याच्या वर गेलात तर रंग धुतल्यासारखे होतात. एक्सपोजर कायमचं उणे १/३ वर, म्हणजे फोटो किंचित काळसर, ठेवा, कडक उन्हात उणे २/३. या सेन्सरांवर आकाश किंवा पांढरा शर्ट एकदा जळला की त्यात पुन्हा काही सापडत नाही; सावलीतून मात्र थोडंफार वर काढता येतं.

ज्यांना हौस आहे त्यांच्यासाठी एक पुढची गंमत. कॅननच्या अनेक जुन्या कॉम्पॅक्टसाठी, म्हणजे अशा खिशातल्या कॅमेऱ्यांसाठी, हौशी लोकांनी सीएचडीके नावाचं मोफत सॉफ्टवेअर बनवलंय. ते कार्डावरून चालतं, कॅमेऱ्यातलं मूळ सॉफ्टवेअर बदलत नाही आणि ज्यात रॉ फाइलची (जेपेग बनवण्याआधीच्या कच्च्या नोंदीची) सोय नव्हती त्यातही ती आणून देतं. पहिल्या महिन्यात मात्र याच्या नादी लागू नका.

खिसा ठरवा

कॅमेऱ्याची एक जागा हवी, एकच. माझ्यासाठी पँटचा उजवा पुढचा खिसा, ज्यात किल्ल्या आणि नाणी कधीच जात नाहीत. जागा रोज बदलली की हात शोधत राहतो आणि दोन सेकंदांचे आठ होतात.

केस वापरू नका. चेन उघडा, बाहेर काढा, केस कुठे तरी धरा... तोवर प्रसंग संपतो. ही अक्कल डिजिटलपेक्षा जुनी आहे. १९७९ साली ऑलिंपसमध्ये योशिहिसा मैतानी यांनी एक्सए हा फिल्मचा कॅमेरा घडवला, त्यात लेन्सवरचं झाकण बाजूला सरकवलं की कॅमेरा तयार. वेगळी केस नको, वेगळी कॅप नको, नुसता साबणाच्या वडीसारखा खिशात टाकायचा. तुमच्या कॅमेऱ्याला पाकळ्या असतील तर त्याच त्याचं झाकण. ओरखडे पडू द्या. मनगटाची दोरी मात्र लावा आणि खिशातून तिचं टोक थोडं बाहेर लोंबू द्या, ओढलं की कॅमेरा हातात येतो. आठवड्यातून एकदा खिसा उलटा करून झटकायचा. कापडाचे तंतू हळूहळू त्या नळीतच जातात.

पहिले पंधरा दिवस

शटरचं बटण दोन टप्प्यांचं असतं, हे फोनवर वाढलेल्यांना सांगावं लागतं. अर्धं दाबलं की कॅमेरा फोकस करतो आणि उजेड मोजतो. हिरवी चौकट येते. बोट तिथेच रोखून धरायचं. उरलेलं अर्धं दाबलं की फोटो जवळजवळ त्याच क्षणी निघतो. ‘जुने कॅमेरे फार हळू’ म्हणणारे बहुतेक जण एका दमात बटण दाबतात, आणि कॅमेरा फोकस शोधेपर्यंत समोरचं हसू ओसरलेलं असतं. मी मूल झोक्यावर असताना सराव करतो: झोका सगळ्यात वर पोचतो त्या अंतराला अर्धं दाबून ठेवायचं आणि तो परत तिथे येताच पूर्ण.

याहून वेगवान युक्ती म्हणजे फोकसच करायचा नाही. छोट्या सेन्सरची लेन्स प्रत्यक्षात खूप आखूड असते. एस९० च्या रुंद बाजूला २८ मिमी म्हणतात ते फिल्म कॅमेऱ्याच्या हिशेबाने; खरी ती ६ मिमीची आहे. तिला एफ/४ वर ठेवून हाताने फोकस साधारण दीड मीटरवर लावला, तर पाऊण मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. आता कॅमेरा काहीच शोधत नाही, दाबला की फोटो. गर्दीत, चालताना, कंबरेच्या उंचीवरून न बघता काढतानाही चालतं. मोठ्या सेन्सरवर हा लाभ इतका मिळत नाही, म्हणून छोट्या सेन्सरला उगाच कमी लेखू नये.

झूमला पंधरा दिवस हात लावू नका. २८ मिमी म्हणजे किती दिसतं, हे डोळ्यांना कळलं की कॅमेरा बाहेर काढण्याआधीच तुम्ही योग्य जागी उभे असता.

फ्लॅशला मात्र हात लावा, दिवसासुद्धा. फोनमधला एलईडी मिणमिणता दिवा आहे. इथे खरी झेनॉनची नळी आहे, जिचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास संपतो आणि हलती गोष्ट जागच्या जागी गोठते. भर दुपारी चेहऱ्यावर झाडाची सावली असेल तेव्हा फ्लॅश सक्तीने चालू करा. बहुतेक कॉम्पॅक्टचं शटर लेन्समध्येच असल्यामुळे ते वेगवान असतानाही फ्लॅश जुळतो. मोठे कॅमेरे साधारण १/२०० सेकंदाच्या पुढे इथे अडखळतात. अंतर दीड ते अडीच मीटर ठेवा. त्याहून जवळ चेहरा चुन्यासारखा पांढरा, त्याहून लांब उजेड पोचतच नाही. पार्टीतल्या त्या चमकत्या चेहऱ्यांचं आणि काळ्याकुट्ट मागच्या भिंतीचं सगळं रहस्य इतकंच आहे.

रात्रीचं दृश्य असेल तर फ्लॅश बंद, कॅमेरा कठड्यावर टेकवायचा, आयएसओ १०० आणि दोन सेकंदांचा टायमर. हात लागून हलायला नको म्हणून टायमर.

काढल्या काढल्या पडद्यावर बघत बसू नका. तो पडदा तसाही खोटं बोलतो, घरी गेल्यावर निम्मे फोटो त्याच्यापेक्षा चांगले निघतात.

फोटो घरी आणणं

फोनला लागणारा छोटा कार्ड रीडर घ्या, कॅमेऱ्याच्या जुन्या वायरी शोधत बसू नका. कार्डात डीसीआयएम नावाचा फोल्डर असतो, सगळं त्यात. एक काळजी: या कॅमेऱ्यांच्या फाइलना चार आकडी नंबर असतात, ९९९९ नंतर पुन्हा १ पासून सुरुवात होते, आणि काही कॅमेरे तर कार्ड बदललं की लगेच १ वर येतात. एकाच फोल्डरमध्ये सगळं ओतत गेलात तर कधी तरी नवा फोटो जुन्याला पुसून बसेल. म्हणून दर महिन्याचा वेगळा फोल्डर.

मी हे रविवारी रात्री करतो. आठवड्याचे साठ-सत्तर फोटो असतात, दहा ठेवतो. बुधवारी काय बघितलं होतं ते रविवारी दिसतं, आणि मधल्या दिवसांत ते विसरलेलंही असतं.

काही आठवडे वापरणार नसाल तर बॅटरी निम्मी चार्ज करून बाहेर काढून ठेवा, आणि कॅमेरा सिलिका जेलच्या पुडीबरोबर डब्यात. बंद कपाटात, चामड्याच्या केसमध्ये तर मुळीच नको, बुरशीला तेच हवं असतं.

आणि रविवारी रीडरमध्ये घातलेलं कार्ड आठवणीने परत कॅमेऱ्यात घाला. मी तीनदा विसरलोय. तिसऱ्या वेळी पाऊस नुकताच उघडला होता, समोर अख्खं इंद्रधनुष्य, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत. घरघर झाली, लेन्स बाहेर आली, अर्धं दाबलं, हिरवी चौकट आली, आणि पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहून आलं, कार्ड नाही. मग गुपचूप फोन काढला. त्यावर तीन निरोप होते.